जस्ताचा बिल्ला

वाघमारे कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायचे. ताटली, घड्याळ, भेट आलेली फ्रेम, कुणाच्या मुलाचं शाळेतलं मेडल. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा खिरीची वाटी संपवून त्यांनी ती उलटी केली, दिव्याखाली धरली आणि म्हणाले, "मॅडम, ही चांदी नाही. मुलामा आहे." ती वाटी माझ्या सासूबाईंनी लग्नात दिलेली. सासूबाईंना मी हे कधी सांगितलं नाही आणि वाटी अजून वापरते. खिरीला काही फरक पडत नाही.

बहरीनला तुबलीतल्या आमच्या कार्यशाळेत ते डायमेकर होते, बिल्ले ठोकायचे पोलादी ठसे कोरणारे. मी तिथे स्टोअर आणि खरेदी बघते. बँकांची स्मृतिचिन्हं, शाळांचे बिल्ले, कोटावर लावायच्या पिना, हा आमचा माल. दोन्ही बाजूंना गॅरेजं आहेत, त्यामुळे दिवसभर कुठलं ना कुठलं इंजिन कुणीतरी रेस करत असतं. त्या आवाजात वाघमारे स्टुलावर बसून डोळ्याला भिंग लावून पोलादात उलटी अक्षरं कोरत. बार्शीकडचा माणूस. आयटीआय करून पिंपरीला बिल्ल्यांच्या एका कारखान्यात बरीच वर्षं काढली, तो बंद पडल्यावर इकडे आले. कपाटाच्या दाराला आतून बुद्धाचं चित्र, खाली बायको आणि दोन मुलींचा फोटो आणि त्याखाली कानशी, लांबीप्रमाणे लावलेल्या. माझ्या स्टोअरमधून त्यांनी कधी एकही कानस जास्त नेली नाही. अशी माणसं फार नसतात, म्हणून लक्षात राहिलं.

जर्मन बिल्ल्यांचं प्रकरण सुरू झालं ते झल्लाक गावातल्या एका इंग्रजामुळे. निवृत्त पायलट, समुद्राकाठी एकटा राहणारा. आम्ही त्याला पायलटसाहेब म्हणायचो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याचे बिल्ले जमवायचा त्याला नाद होता. संग्रहात एक जागा रिकामी होती, तिथे लावायला नक्कल करून द्या म्हणून तो फोटो घेऊन आला. वाघमाऱ्यांनी फोटो बघितला आणि करून देतो म्हणाले, पण पाठीवर नक्कल असं कोरणार. पायलटसाहेबाने बरीच समजूत घातली, तो बिल्ला भिंतीवर काचेत राहणार, पाठ कुणाला दिसणार आहे? वाघमारे म्हणाले, तुम्ही मेल्यावर काच उघडतील. हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि त्यांच्या इंग्रजीत ते अधिकच सरळ वाटलं. साहेब चिडून गेला. आठवड्याने परत आला तो अकरा बिल्ले रुमालात बांधून. यातले खोटे कुठले ते सांग म्हणाला. वाघमाऱ्यांनी सगळे उलटे मांडले, मापं घ्यायचा व्हर्नियर काढला, आणि चहा गार होईपर्यंत तीन बाजूला केले. त्यातला एक साहेबाने मुद्दाम घातलेला होता. उरलेले दोन त्याने खरे म्हणून घेतले होते.

तेव्हापासून लोक येऊ लागले. साहेबाचे दोस्त, मग दोस्तांचे दोस्त. शुक्रवारी सकाळी कार्यशाळा बंद असायची आणि किल्ली माझ्याकडे, त्यामुळे मीही नाइलाजाने तिथे. मला त्या विषयात रस नव्हता, पण ऐकून ऐकून काही गोष्टी डोक्यात बसल्या. पत्रा डायमध्ये ठेवून प्रेसने ठोकला की कडा स्वच्छ येतात, पानाची शीरसुद्धा दिसते. वितळलेला धातू साच्यात ओतला की बारीक छिद्रं राहतात, फोड येतात. शिवाय गार होताना धातू आक्रसतो, म्हणून खऱ्या बिल्ल्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल मूळ मालापेक्षा केसभर लहान भरते. एकाच बिल्ल्याचे वीस वीस प्रकार. कुणाची पिन सुईसारखी गोल, कुणाची चपटी, कुणाची बिजागरी वेगळी. युद्धाच्या सुरुवातीला पितळ, पुढे पितळ दुसऱ्या कामांना लागलं तेव्हा जस्त. वाघमारे समोरची बाजू नोंदीपुरती बघायचे, निकाल तिच्यावरून कधीच द्यायचे नाहीत. "चेहरा कुणीही करतो. पाठ दाखवा," एवढंच म्हणायचे.

आणखी एक सवय होती. बिल्ला खरा आहे असं ते कधीच म्हणत नसत. सगळं तपासून झालं की म्हणत, "मला खोटं सापडलं नाही." लोक वैतागत. म्हणजे खरा ना? त्यावर पुन्हा तेच वाक्य. खोटा मात्र ते एका शब्दात सांगत. खोटा. बस. इतकी वर्षं हे ऐकूनही यात काही तिरपं आहे असं माझ्या मनात आलं नाही.

प्रत्येक बिल्ल्याची नोंद ते एका शाळेच्या वहीत करत. पेन्सिलीने चित्र, लांबी, रुंदी, जाडी, वजन, आणि खाली "दोष" असा रकाना. पान फुटलंय, रेघ तुटलीय, असं काय काय. मी एकदा म्हटलं, गुण कुठे लिहिता? ते म्हणाले, गुण सगळ्यांचे सारखे असतात.

बिल्ल्यांवरचं ते चिन्ह मला खटकायचं. आमच्या कार्यशाळेत ती गरुडाच्या पायातली स्वस्तिकं बघून मी एकदा बोललेही. ते म्हणाले, मला त्या लोकांत काही रस नाही, मला डाय कापणाऱ्यात आहे, तो माझ्यासारखाच पगारी माणूस असणार. मला ते पुरेसं वाटलं नाही. पुढे एक प्रसंग घडला. पुण्याचा एक तरुण इंजिनिअर बेल्टचं बक्कल करून घ्यायला आला, त्यावर तोच गरुड हवा होता. शिस्त बघा त्यांची, असला नेता आपल्याकडे पाहिजे होता, असं बराच वेळ बोलत होता. वाघमारे कानस चालवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुमचं नाव त्यांनी कुठल्या यादीत घातलं असतं, विचार केलाय कधी?" तो हसला आणि म्हणाला, आपण तर आर्य. "अच्छा," वाघमारे म्हणाले, "आमच्या गावातही याद्या होत्या. पाणी कुणी कुठे भरायचं त्याच्या. यादी करणाऱ्याला वाटतं शिस्त आहे." आणि बक्कल होणार नाही, प्रेस बिघडलाय, असं सांगून त्याला वाटेला लावला. प्रेस व्यवस्थित चालू होता. त्यांना खोटं बोलताना मी तेवढंच ऐकलं.

निकम आला तो अशाच एका शुक्रवारी. सातारा जिल्ह्यातला, खटावकडचा. इथे पंपांच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर, सनद भागात बायको-मुलीबरोबर राहणारा. त्याचे आजोबा महायुद्धात इटलीत लढले होते. तिथे एका जखमी जर्मन कैद्याला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्याच्या तंबूपर्यंत नेलं आणि त्याने आपल्या छातीवरचा बिल्ला काढून यांना दिला, अशी घरातली गोष्ट. आजोबा गेल्यावर निकमच्या वडलांनी, अण्णांनी, तो बिल्ला त्यांच्या फोटोच्या चौकटीला खिळ्याने अडकवला. बेंदराला आणि दसऱ्याला पाहुणे आले की अण्णा ती गोष्ट सांगायचे. निकमने सुट्टीवरून येताना तो मागून आणला होता, खास तपासून घ्यायला. निदान किती जुना आहे ते कळेल, म्हणाला.

पायदळाचा बिल्ला होता. पानांचा लंबगोल हार, मधून तिरपी बंदूक, वर गरुड. वाघमाऱ्यांनी उलटा केला. पाठ राखाडी, मुलाम्याला बारीक फोड आलेले. भिंगातून बघितलं, मापं घेतली, वहीत चित्र काढलं. मग म्हणाले, "ओतीव आहे. खोटा."

निकमने विचारलं, म्हणजे आजोबांना त्या जर्मनाने खोटा दिला? वाघमारे म्हणाले, असले बिल्ले युद्धानंतर खूप निघाले, बाजारात कुठेही मिळत होते. पुढचं ते बोलले नाहीत, पण निकमला कळलं आणि मलाही. त्याने बिल्ला रुमालात गुंडाळला, थँक्यू काका म्हणाला आणि गेला. मी कुलूप लावलं. दुपारी आमच्याकडे पाहुणे होते, मासे आणायचे राहिले होते.

चार वर्षं गेली. त्या काळातच मध्ये कार्यशाळेत लेझर मशीन आलं. डाय कोरायला वाघमाऱ्यांना आठ दिवस लागत ते काम ते मशीन जेवणाच्या सुट्टीत करू लागलं. मालक वाईट माणूस नाही. त्याने दोन वर्षं त्यांना तसंच ठेवलं, मग एके दिवशी मला बोलावून म्हणाला की व्हिसा संपतोय, पुढे करायचा नाही, खलास, तूच सांग त्याला. असली कामं माझ्याकडेच येतात. मी सांगितलं. वाघमारे म्हणाले, बरं. हातात महिनाभर होता. इथे माणसं येतात आणि जातात, दर दोन महिन्यांनी कुणासाठी तरी केक कापायचा, भेटवस्तूसाठी पाकीट फिरवायचं. मी आता पाकिटावर नावसुद्धा लिहीत नाही, जुनंच पुन्हा वापरते.

त्याच महिन्यात पायलटसाहेबही घर आवरून इंग्लंडला निघाला होता. त्याने वाघमाऱ्यांना निरोपाला बोलावलं. वाघमारे गाडी चालवत नसत, म्हणून मी नेलं. झल्लाकच्या घरात सगळीकडे खोकी. त्याने एक नवी वस्तू दाखवली. जर्मनीतल्या एका कुटुंबाकडून थेट आलेला पायदळाचा बिल्ला, सोबत तो ज्याला मिळाला त्या सैनिकाचं पत्रक, सही-शिक्क्यासकट, आणि बिल्ला लावलेला त्याचा फोटो. वाघमाऱ्यांनी उलटा केला. राखाडी पाठ, बारीक फोड. ओतीव. साहेब सहज म्हणाला की शेवटी शेवटी काही कारखाने जस्त दाबाने साच्यात भरूनच बिल्ले काढत होते, आता हे सगळ्यांना माहीत आहे.

वाघमाऱ्यांनी मग बिल्ला सुलटा केला. नोंदीपलीकडे पुढची बाजू बघताना त्यांना मी प्रथमच पाहत होते. बंदुकीच्या पट्ट्याखाली एक पान होतं, त्याचं टोक तुटलेलं, तिथे तांदळाच्या कणीएवढी गाठ. त्यांनी व्हर्नियर काढला आणि मापं तळहातावर लिहून घेतली. मग खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

 कार्यशाळेत येऊन त्यांनी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. निकमच्या बिल्ल्याचं पान. दोषाच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात, पट्ट्याखालचं पान, टोक तुटकं, गाठ. वर लांबी-रुंदी. झल्लाकच्या बिल्ल्याची मापं त्यांनी तळहातावर लिहून आणली होती, ती पानाशेजारी धरली. दशांशापर्यंत तीच. म्हणजे एकाच साच्यातून निघालेले दोन बिल्ले. कुणी नंतर उतरवलेली नक्कल असती तर केसभर लहान भरली असती.

"माप माझ्या हातात होतं," ते म्हणाले. "मी फोड बघितले आणि माप बघितलंच नाही."

मी म्हटलं, होतं असं. ते म्हणाले, होत नाही. मग त्यांनी पिंपरीच्या कारखान्याबद्दल सांगितलं, जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. बाहेरून स्वस्त ओतीव माल येऊ लागला आणि वर्षभरात चाळीस डायमेकर घरी बसले. तेव्हापासून ओतीव दिसलं की डोकं बंद होतं, म्हणाले. बाजारातली मूर्ती असो, दाराची मूठ असो. ओतीव म्हणजे चोरी, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की खुद्द कारखानाच ओतत असेल अशी शंकाही आली नाही.

जायला अकरा दिवस उरले होते. सामान बांधायचं, बँकेचं खातं बंद करायचं, आयडी कार्ड परत करायचं. ते सगळं सोडून त्यांनी निकमचा नंबर शोधायला घेतला. जुना बंद होता. त्याच्या कंपनीत मी फोन केला, आमच्याकडचा पंप बिघडलाय असं सांगून. त्या संध्याकाळी सनदला गेलो.

निकमने दार उघडलं, ओळखलं, आत बसवलं. वाघमाऱ्यांनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. निकम ऐकून हसला. "जाऊ द्या हो काका. चार वर्षं झाली, आता कोण आठवण काढतंय."

वाघमाऱ्यांनी विचारलं, तुम्ही घरी सांगितलं होतं का?  सांगितलं होतं, निकम म्हणाला. अण्णांना लागलं होतं. त्यांनी चौकटीवर बिल्ला परत लावला नाही. गोष्ट सांगायचं बंद केलं. एकदा भावकीतल्या कुणी विषय काढला तर म्हणाले, म्हातारा थापा मारायचा, बाजारातनं आणला होता.

"त्यांना फोन लावा," वाघमारे म्हणाले.

निकमची आठ-नऊ वर्षांची मुलगी सोफ्यावर बसून हे ऐकत होती. आजोबा आता झोपतील, असं ती इंग्रजीत म्हणाली. निकमने लावला आणि स्पीकर चालू केला. अण्णांना कमी ऐकू येतं. वाघमारे उभे राहिले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलले. "अण्णा, मी बहरीनवरून बोलतोय. तुमच्या वडलांचा बिल्ला खोटा म्हणून ज्यानं सांगितलं तो मी. तो खरा होता. चूक माझी."

खरा हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

तिकडे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. मग अण्णा म्हणाले, "मोडीत घातला की वो त्यो. फुटक्या भांड्यासंगं."

वाघमारे फोनकडे आणखी वाकले.

"बापाला मेल्यावर खोटारडा केला मी. तुमच्या शब्दावर."

"हो. माझ्या शब्दावर."

"आता तुम्ही म्हणताय खरा. मी कुणाला सांगू? म्हणतील, अण्णा फिरला पुन्यांदा." मोटार बंद झाली. "लिहून द्या. आसं तोंडी नगं."

फोन ठेवल्यावर चहा आला. आम्ही प्यायलो. निकमची बायको म्हणाली, अण्णा असेच आहेत, मनावर घेऊ नका. निकम आठवड्याने सुट्टीवर जाणार होता, कागद त्याच्याबरोबर द्यायचं ठरलं. पण गाडीत बसताना वाघमारे म्हणाले, कागद कुठे टिकतो?

मग पुढचे सहा दिवस त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. पायलटसाहेबाकडून त्यांनी तो बिल्ला एका दिवसासाठी मागून आणला आणि जे आयुष्यभर टाळलं तेच केलं, त्यावरून साचा काढला आणि जस्त ओतलं. माझ्याकडून जस्ताची कांडी रीतसर चिठ्ठी देऊन नेली. मी म्हटलं, ठोकून करा की, तुमचा हात आहे. ते म्हणाले, मूळ ओतीव होता, ओतीवच झाला पाहिजे. पहिले दोन बिघडले. तिसरा आला त्यात पट्ट्याखालच्या पानाची गाठ बरोबर उतरली. गरुडाच्या पायातलं चिन्ह मात्र त्यांनी साच्यातच बुजवलं होतं, तिथे नुसता सपाट गोल. मी विचारलं, इतकं मापात करताय आणि हे का गाळलं? "नक्कलच आहे," ते म्हणाले. "तेवढं गाळायची तरी मुभा आहे मला."

पाठीवर लिहायला इंग्रजी आणि अरबी अक्षरांचे ठसे होते, मराठी नव्हते. लेझर मशीनवर दोन मिनिटांत झालं असतं, ते चालवणारा मुलगा तयारही होता. वाघमाऱ्यांनी पोलादाच्या काड्या घेतल्या आणि मराठी अक्षरं स्वतः कापली, अक्षरागणिक एक. दोन दिवस त्यात गेले. मग हातोडीने एकेक ठोकून पाठीवर तीन ओळी उमटवल्या. मी वाचल्या.

नक्कल.
अस्सल मी पाहिला. खरा होता.
गौतम वाघमारे, डायमेकर.

बिल्ला त्यांनी माझ्याकडे दिला, मी निकमकडे पोचवला. साचा फोडून टाकला. अक्षरांच्या काड्या मात्र एका डबीत भरून स्टोअरमध्ये जमा केल्या आणि माझी सही घेतली. ती डबी अजून रॅकवर आहे. कुणी मागत नाही.

त्यांना विमानतळावर मीच सोडलं. एक मोठी बॅग, एक लहान, हातात कानशींची गुंडाळी, जी सामानात टाकावी लागेल हे मी तीनदा सांगितलं होतं. ते ती दारातच बॅगेत कोंबत होते तेव्हा माझ्या फोनवर निकमचा फोटो आला. तो आदल्या दिवशी गावी पोचला होता. भिंतीवर फौजी टोपीतल्या म्हाताऱ्याची चौकट, तिला हार, आणि खाली खिळ्याला तो बिल्ला. अण्णांनी तो उलटा लावला होता, अक्षरं बाहेर.

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बिल्ल्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत बघत राहिले. मागे ट्रॉलीवाल्यांची रांग लागली होती. कुणीतरी यल्ला यल्ला म्हणत घाई करत होतं.

"जस्त आहे," फोन परत देत ते म्हणाले. "काळं पडेल. वर्षातनं एकदा तेलाचं बोट फिरवायला सांगा त्यांना."

सांगते म्हटलं. त्यांनी पासपोर्ट काढला, उलटा करून मागचं पान बघितलं, मग सुलटा करून दारावरच्या शिपायापुढे धरला आणि आत गेले.